मागच्याचं नाव

वाल्व्हेर्देच्या उतारावरून कासिमिरो ताफोयाने आजवर दोन झेंडे जाताना आणि दोन येताना पाहिले होते. स्पेनच्या राजाचा गेला, मेक्सिकोचा आला. मेक्सिकोचा गेला, अमेरिकेचा आला. नदीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. तिचं पाणी दर फेब्रुवारीत तेवढंच गार, तळची वाळू तेवढीच लबाड आणि ते ओलांडणारी खेचरं तेवढीच हट्टी. आता दक्षिणेकडून टेक्सासवाले चौथा झेंडा घेऊन येत होते. छप्पन्न वर्षांच्या या तांडेवाल्याचं मत विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, की हवा तिथे रोवा, फक्त जाताना कुरणं तुडवू नका.

पण मत विचारतो कोण? शिवाय तसं म्हणायची सोयही राहिली नव्हती, कारण कासिमिरो स्वतःच सरकारी फौजेत होता. तो एकटा असता तर गोष्ट वेगळी होती. आलामितोस गावातले तेवीस बाप्ये त्याच्या शब्दावर भरती झाले होते.

झालं होतं असं. मक्याची सुगी उरकत असताना आल्बुकर्कीचा एक सरकारी कॅप्टन गावात आला आणि देवळाच्या ओट्यावर उभा राहून बोलला. अमेरिकेतल्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या लोकांचं आपापसात फाटलंय, भावाभावांत जुंपलीय, आणि दक्षिणेच्या बाजूने टेक्सासवाले इकडे चालून येणार आहेत. गावाला उत्तर काय आणि दक्षिण काय, दोन्ही सारखेच परके. पण टेक्सासवाला हे नाव घेऊन इथल्या बायका पोरांना झोपवायच्या, त्यामुळे लोकांनी कान दिले. तुम्ही लढायचं नाही, कॅप्टन म्हणाला, फक्त किल्ल्याला धान्य वाहायचं. धान्य वाहण्यात कासिमिरोचा जन्म गेला होता. त्याने होकार दिला, आणि कासिमिरो जातोय म्हटल्यावर बाकीच्यांनीही दिला. निघायच्या दिवशी भरती झालेल्या मेलितोनची म्हातारी आई कासिमिरोच्या खेचराला धरून उभी राहिली. "तू नदीपार नेलेलं माणूस आजवर कधी तिकडे ठेवून आला नाहीस," ती एवढंच म्हणाली. कासिमिरो जरा घुश्शातच म्हणाला, "आताही ठेवणार नाही."

धान्य वाहणं तीन आठवडे चाललं. मग बंदुका हातात आल्या. इंग्रजीतून ओरडणारा एक सार्जंट आला आणि तो काय ओरडतोय हे सांगणारा एक दुभाषा. कासिमिरोला खेचरांवर ठेवलं, पण तेवीस जणांना रांगेत उभं केलं. तेव्हापासून मेलितोनच्या आईला दिलेला शब्द त्याच्या पोटात कच्च्या भाकरीसारखा बसून होता.

त्या शुक्रवारी टेक्सासवाले पूर्वेच्या काळ्या पठाराला वळसा घालून नदीकडे येत होते. दीड दिवस त्यांना पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. पहाटे त्यांची खेचरं दावी तोडून नदीकडे धावली आणि पाणी पिता पिता सरकारी शिपायांच्या हाती लागली. शिपायांच्या हाती म्हणजे काय, तर शिपाई दोऱ्या घेऊन त्यांच्यामागे पळत होते आणि खेचरं लाथा झाडत होती. शेवटी एका लेफ्टनंटने कासिमिरोला बोलावलं. हा लेफ्टनंट दाढी न फुटलेला होता आणि इथली स्पॅनिश किल्ल्यातल्या स्वयंपाक्याकडून शिकला होता, त्यामुळे त्याचा प्रत्येक हुकूम जेवण वाढल्यासारखा वाटे.

कासिमिरोने माद्रिनाला पुढे आणलं. माद्रिना म्हणजे धर्ममाता. दर तांड्यात अशी एक पांढरी घोडी असते, तिच्या गळ्यात तांब्याची घंटा असते, आणि खेचरं तिच्यामागे खुळ्यासारखी चालतात. का चालतात ते देवाला ठाऊक. कासिमिरोने गुंडाळून बांधलेली लोकर काढून घंटेचा लोळा मोकळा केला आणि घोडीला तीरावरून सावकाश चालवलं. थोड्याच वेळात चाळीस परकी खेचरं मान खाली घालून तिच्यामागे येत होती. रात्रभर टेक्सासची होती, सकाळी आलामितोसची झाली. लेफ्टनंट इंग्रजीतून काहीतरी चांगलं म्हणाला असावा.

मग कासिमिरोने लोळा पुन्हा बांधायला घेतला, तर लोकर भिजून लगदा झालेली. शेजारी उत्तरेकडच्या डोंगरातली सरकारचीच एक तुकडी बसली होती, सगळे मेंढपाळ. त्यांच्यातला एक जण बंदूक मांडीवर आडवी टाकून चक्क मोजा विणत होता. लेआन्द्रो माएस त्याचं नाव. त्याने न विचारताच पिशवीतून मूठभर लोकर काढून दिली.

"कुणासाठी चाललंय?" कासिमिरोने मोज्याकडे बोट दाखवलं.

"धाकट्या भावासाठी." पलीकडे तोंड उघडं टाकून झोपलेल्या तोरिबिओकडे त्याने मान उडवली. "पाय गार पडले की रडतो. दाढी आलीय, पण रडतो. एक झाला, दुसऱ्याची टाच वळवायचीय." मग त्याने विचारलं, "घंटा कशाला बांधताय, पाव्हणं?"

"वटवट फार करते."

"आमच्याकडे वटवट करणारीला मेंढरांमागं पाठवतात. काय खूण वगैरे आहे का त्यात?"

"घंटा आहे. वाजते. एवढंच."

लेआन्द्रो हसला. त्याला कळलं होतं की हा सांगत नाहीये, पण त्याने राग धरला नाही; मूठभर पिन्योनच्या भाजलेल्या बियाही दिल्या. कासिमिरोने त्या खाल्ल्या आणि तरी सांगितलं नाही. आपल्या घंटेची भाषा परक्याला सांगायची नाही, हे त्याला बापाने तांड्याच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मेक्सिकोतल्या चिवावाच्या वाटेवर ज्याला तुमची घंटा कळते, तो तुमचा अख्खा तांडा एका हाताने पळवून नेतो. चाळीस वर्षं पाळलेली सवय ती, मूठभर लोकरीसाठी मोडत नाही.

दुपारी मेंढपाळांची तुकडी वरच्या अंगाने नदीपार गेली. कशी गेली ते विचारू नका. कुणाचा बूट वाळूत राहिला, कुणाची बंदुकीची दारू भिजली. मग तासाभराने आलामितोसचे तेवीस जण ज्या तुकडीत होते तिला हुकूम आला. कॅप्टनला घाई होती, पण कासिमिरोने त्याला थांबवलं आणि म्हणाला, "उतार माझा आहे, माझ्या पद्धतीने जातील." कॅप्टन थकलेला होता, त्याने हात हलवून जा म्हटलं.

माद्रिना पुढे, घंटा मोकळी. एकाने दुसऱ्याच्या सराप्याचं, म्हणजे खांद्यावरच्या घोंगडीचं, टोक धरायचं. वाळूवर थांबायचं नाही, थांबला तो रुतला. पाणी छातीपर्यंत होतं आणि त्यात बर्फाचे पापुद्रे वाहत होते. पलीकडे पोचल्यावर प्रत्येकाने स्वतःचं नाही, आपल्या मागच्याचं नाव सांगायचं. पुढचा माणूस मागच्याला बघतो, आणि नाव घ्यायचं म्हटल्यावर बघावंच लागतं. सगळ्यात शेवटी सिप्रियानो असायचा. जिभेने तिखट आणि पायाने पक्का. त्याच्या मागे कुणी नसायचं, म्हणून नावं ऐकून आकडा जुळवायचं काम त्याच्याकडे.

"मेलितोन," पहिलं नाव सगळ्यांत पुढच्या कासिमिरोने घेतलं.

"आला," काठावर चढत मेलितोन म्हणाला आणि मागे बघून पुढचं नाव घेतलं. अशी तेवीसच्या तेवीस नावं झाली. सिप्रियानो कुडकुडत म्हणाला, "माझ्यामागं मासे, त्यांची नावं मला येत नाहीत." कुणी फारसं हसलं नाही, सगळ्यांचे दात वाजत होते. कासिमिरोने त्यांना तीराजवळच्या अलामोच्या झाडांत बसलेलं पाहिलं आणि घोडी घेऊन परत पश्चिम तीरावर आला. तिथे त्याने घंटा बांधली.

त्यानंतर त्याला करायला काही नव्हतं. लढाईत बहुतेकांना बहुतेक वेळ काहीच करायचं नसतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. तोफा वाजत होत्या, मध्येच थांबत होत्या. वारा वाळू आणत होता, मध्ये थोडा बर्फही पडून गेला. चाळीस खेचरं माद्रिनाभोवती पेंगत उभी होती. कासिमिरोने खिशातली गार भाकरी काढली, सुकी मिरची दातांनी तोडून खाल्ली, आणि पलीकडच्या झाडांकडे बघत राहिला. डोळे दुखायला लागले तरी त्याने नजर हलवली नाही. अलामोच्या निष्पर्ण खोडांत माणसं दिसत नव्हती, फक्त मधूनमधून धूर दिसे. धूर दिसला की तो म्हणे, आहेत. थकवा असा की भीतीलाही बसायला जागा उरली नव्हती.

ऊन कलल्यावर ते घडलं. डावीकडे, वरच्या अंगाला, सरकारी तोफा होत्या. त्यांच्या समोरून टेक्सासवाले एकदम उठले. फौजेसारखे नाही, जत्रेतून दारू पिऊन निघाल्यासारखे, कुणाच्या हातात पिस्तूल, कुणाच्या सुरा. कासिमिरो घोडीवर उभा राहिला तेव्हा त्याला सगळं दिसलं. तोफांभोवती माणसं हातघाईवर आली, मग तोफा गप्प झाल्या, मग त्याच तोफा वळायला लागल्या. सरकारी शिपाई नदीत उड्या टाकत होते. आणि उजवीकडे अलामोच्या झाडांतले लोक अजून समोर गोळ्या झाडत होते, कारण झाडांमुळे त्यांना डावीकडचं काही दिसत नव्हतं. आणखी थोडा वेळ, आणि टेक्सासवाले नदीकाठाने उतरून उताराचं तोंड धरतील. मग आलामितोसचे तेवीस जण तिकडचेच झाले.

त्याने निरोप्या शोधला. एकही दिसला नाही. बिगूल वाजत होता, पण तो नेहमीच वाजत असतो, आणि त्या बिगुलाचा अर्थ सांगणारा दुभाषा सकाळीच पोटात गोळी लागून किल्ल्याला गेला होता.

लेफ्टनंट घोडा पळवत आला. त्याची टोपी गेली होती. "खेचरं किल्ल्याला," तो म्हणाला. "सगळी. आत्ता. गरम गरम." स्वयंपाक्याची भाषा त्याला ऐन वेळीही सोडत नव्हती.

"माझी माणसं पलीकडे आहेत," कासिमिरो म्हणाला.

"माणसांना हुकूम येईल. तू खेचरं." आणि तो पुढच्या कुणावर तरी ओरडायला गेला.

येईल. कासिमिरोने समोर झाडांकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. हुकूम येईल हे त्याला खोटं वाटलं नाही. तो आला तर इंग्रजीतून येईल, उशिरा येईल आणि वाटेत पाणी आहे, एवढंच त्याला वाटलं. तांड्यात एक खूण होती. आयुष्यात ती त्याने दोनदा वापरली होती, दोन्ही वेळा वर डोंगरात पाऊस होऊन नदीला अचानक लोंढा आला होता तेव्हा. घोडी भर पाण्यात, वाळू नाही अशा जागी, उभी करायची आणि घंटा हाताने वाजवायची, तीन ठोके, थांबा, पुन्हा तीन. अर्थ असा, की हातातलं जे असेल ते टाका आणि या. बोजा टाका, खोगीर टाका, विचारू नका. आलामितोसच्या प्रत्येक बाप्याने कधी ना कधी कासिमिरोच्या तांड्यात काम केलं होतं. प्रत्येकाला ती ठाऊक होती.

त्याने लोळ्याची लोकर ओढून काढली, खिशात कोंबली आणि माद्रिनाला पाण्यात घातलं. चाळीस खेचरं अर्थातच तिच्यामागे आली.

मधोमध पोचून त्याने घंटा हातात धरली. तीन ठोके. थांबला. तीन ठोके. तोफांच्या आवाजात ती ऐकू जाणार नाही असं कुणालाही वाटलं असतं. पण वर्षानुवर्षं जिच्यामागे चाललो ती घंटा कानाला वेगळीच सापडते. आधी सिप्रियानोचं डोकं झाडांतून बाहेर आलं. त्याने नदीकडे पाहिलं, वळून काहीतरी म्हणाला, आणि बंदूक खाली टाकली. त्याच्यामागे मेलितोन. मग एकेक करत सगळे वाळूवर धावत आले, रिकाम्या हातांनी, खूण सांगत होती तसे. त्यांना धावताना पाहून तुकडीतले बाकीचेही उठले. पाण्यात कासिमिरोला गोळ्यांचे शिंतोडे दिसत होते. दोन खेचरं आडवी झाली. माणसं बाकीच्यांच्या शेपट्या धरून येत होती आणि तो घंटा वाजवत होता. आपल्याला रडू येतंय हे त्याला खूप उशिरा कळलं.

लेआन्द्रोचा विचार त्याच्या मनात आला नाही. आला असता तर त्याने काय केलं असतं, हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही.

पश्चिम तीरावर सिप्रियानोने नावं घेतली. मांडीत गोळी लागलेल्या एकाला दोघांनी धरून आणलं होतं, त्याचंही नाव झालं. बावीस. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून तो म्हणाला, "तेवीस. काका, सगळे आले." कासिमिरो वाळूवर मटकन बसला. एवढा आनंद त्याला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता, आणि तो आनंद फार थकलेला होता, उठून उभा राहू शकत नव्हता.

पाव तासाने खरा हुकूम आलाच. माघार, सगळ्यांनी. तोवर पलीकडच्या झाडांत टेक्सासवाले शिरले होते.

संध्याकाळी किल्ल्यात लेफ्टनंटने आलामितोसच्या माणसांना एका ओळीत उभं केलं. त्याच्यासोबत एक वयस्क मेजर होता आणि नवा दुभाषा. चाळीस खेचरं सोपवली होती, एकोणतीस आली. अकरा खेचरं कुठे आहेत आणि कुणाच्या हुकमावरून ती पाण्यात गेली, असं मेजरने विचारलं. घंटा कुणी वाजवली, हेही विचारलं. कासिमिरोने पुढे व्हायला पाय उचलला, तर सिप्रियानोने त्याच्या सराप्याचं टोक मागून धरून ठेवलं.

"घंटा?" मेलितोन म्हणाला. "आम्ही कुठली ऐकली नाही साहेब."

दुसऱ्यानेही नाही म्हटलं. तिसऱ्याने विचारलं, की साहेब, खेचरं तहानलेली होती, आपली आपणच गेली असतील, सकाळी नाही का गेली? मेजरने कपाळ चोळलं. तोही दमला होता. शेवटी त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेला. माणसांबद्दल त्याने काही विचारलं नाही. पुढे ऐकू आलं, की गावठी शिपाई आधी पळाले म्हणून लढाई हरलो, असं मोठ्या साहेबांचं म्हणणं पडलं. कासिमिरोला त्याचा राग आला नाही. त्याच्याजवळ त्या दिवसाचा राग संपला होता.

दुसऱ्या दिवशी पांढरी निशाणं लागली. दोन्ही बाजूंनी आपापली प्रेतं उचलायची असं ठरलं, आणि प्रेतं वाहायची म्हणजे खेचरं आली, खेचरं म्हणजे कासिमिरो. सिप्रियानो, मेलितोन आणि आणखी तिघांना घेऊन तो पुन्हा त्याच उतारावर गेला. घंटा बांधलेली होती.

अलामोच्या झाडांत मेंढपाळांची तुकडी पडली होती. आलामितोसचे लोक जिथे बसले होते त्याच्या अगदी शेजारी, दहा पावलांवर. कासिमिरोला कालपासून हे कुठेतरी ठाऊक असावं, कारण त्याने तिथे पोचण्याआधी दोनदा घोडीचं खोगीर विनाकारण तपासलं होतं. एका खोडाला टेकून लेआन्द्रो बसला होता. टेक्सासवाल्यांनी त्याला धरलं होतं, आणि आज भावाला उचलायला सोडलं होतं. त्याच्या कानाजवळ रक्त सुकलं होतं. तोरिबिओ त्याच्या मांडीवर होता. बूट कुणीतरी काढून नेले होते. एका पायात नवा मोजा होता, दुसरा पाय उघडा.

कासिमिरो खाली बसला.  लेआन्द्रोच बोलला.

"तुमची माणसं निघून गेली काल."

"हो."

"आम्हाला वाटलं तुम्हाला काही हुकूम आला. मग वाटलं, नाही, हुकूम आला तर आम्हालाही येईल. म्हणून बसलो. आमची उजवी बाजू उघडी पडली ना. तिकडून आले ते." तो हे तक्रार केल्यासारखं सांगत नव्हता, मेंढरू कसं हरवलं ते सांगावं तसं सांगत होता. "एक घंटा वाजत होती. तोरिबिओ म्हणाला, ऐक, ती म्हातारबाची घोडी. मी म्हटलं, वटवट करतीय."

कासिमिरोने खिशात हात घातला. कालची लोकर अजून तिथेच होती, वाळून कडक झालेली. त्याने ती बाहेर काढली आणि तळहातावर धरून लेआन्द्रोला दाखवली.

"मी वाजवली," तो म्हणाला. "तीन ठोके, थांबून तीन. टाका आणि या, असा अर्थ आहे. माझ्या गावाला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला नाही."

हे त्याने मेजरला सांगितलं नव्हतं, पाद्रीलाही पुढे कधी सांगितलं नाही.  त्याला वाटलं, हा माणूस आता उठेल आणि आपल्या नरडीला हात घालेल, आणि घातला तर बरं होईल.

लेआन्द्रोने लोकरीकडे पाहिलं.  मग म्हणाला, "सांगितलं असतंत तर आम्हीही आलो असतो, पाव्हणं."

एवढंच. त्यात शिवी नव्हती. काल सकाळच्या पिन्योनच्या बिया कासिमिरोला आठवल्या, आणि आपण त्या कशा चवीने खाल्ल्या तेही आठवलं. माणसाने विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. बापाने शिकवलेलं धरून बसण्यात कसली हुशारी होती ती, याची त्याला आता शिसारी आली.

त्यांनी तोरिबिओला सराप्यात गुंडाळून खेचरावर आडवं बांधलं. गाठी कासिमिरोने स्वतः मारल्या, कारण पाण्यात सैल पडू नयेत अशा गाठी त्यालाच येत होत्या. मारताना त्याने उघडा पाय आत घेतला. मग लेआन्द्रोसारख्याच सोडून दिलेल्या दोन मेंढपाळांच्या मदतीने त्यांच्या तुकडीतले आणखी सहा जण बांधले. ओळ लागली. पुढे माद्रिना, मग प्रत्येक माणसामागे त्याच्या हातात दोरी असलेलं एक खेचर. लेआन्द्रोने भावाच्या खेचराची दोरी कुणाला दिली नाही, त्यामुळे तो ओळीत शेवटी आला. सिप्रियानो पलीकडे नावं घ्यायला आधीच गेला होता.

पाण्यात शिरण्याआधी कासिमिरोने घोडीच्या गळ्यापाशी हात नेला आणि लोळ्याची लोकर सोडली. मागे झाडांच्या कडेला टेक्सासचे पहारेकरी बघत होते, पांढरं निशाण धरलेला त्यांचा माणूसही बघत होता. कुणालाही ऐकू जावो, त्याला आता कसली चोरी राहिली नव्हती. ओळीकडे वळून तो मोठ्याने म्हणाला, "घंटा चालली की चालायचं. थांबली तरी थांबायचं नाही, वाळू धरते. तीन ठोके पडले तर दोरी सोडायची आणि यायचं." मग लेआन्द्रोकडे बघून तो हळू म्हणाला, "दोरी नाही सोडलीस तरी चालेल."

पाणी कालइतकंच गार होतं. घंटा साधी वाजत होती, चालीची.  काठावर सिप्रियानो कमरेवर हात ठेवून उभा होता आणि आज त्याला एकही विनोद सुचत नव्हता.

मेलितोन वर चढला, मागे वळून पाहिलं आणि मागच्याचं नाव घेतलं. त्याने त्याच्या मागच्याचं घेतलं. त्या दोन मेंढपाळांनीही पुढच्यांचं ऐकून तसंच केलं. सगळ्यात शेवटी लेआन्द्रो वाळूवर आला. छातीपर्यंत भिजलेला, हातात दोरी. सिप्रियानोने मनात आकडा जुळवला. शेवटच्याला विचारायचं नसतं, त्याच्या मागे कुणी नसतं.

लेआन्द्रोने वळून पाहिलं. खेचर पाण्यातून बाहेर पडून अंग झाडत होतं.

"तोरिबिओ," तो म्हणाला.

सिप्रियानोने कासिमिरोकडे पाहिलं. कासिमिरोने होकारार्थी मान हलवली.

"आला," सिप्रियानो म्हणाला.